रुळांलगतचं रान, घरच्या सामानातून

घरातल्या मॉडेल रेल्वेचा बहुतेक पैसा इंजिन, डबे, रूळ आणि सांधे यांत जातो. तिथं काटकसर करून चालत नाही. सांधा हलक्या प्रतीचा असला की गाडी घसरते आणि उत्साह ओसरतो. झाडांचं तसं नाही. नॉख किंवा फालर या जर्मन कंपन्यांची, नाहीतर अमेरिकेतल्या वुडलँड सीनिक्सची तयार झाडं मागवली, तर शंभर झाडांचा खर्च एखाद्या चांगल्या इंजिनाच्या घरात जातो. शंभर झाडांनी फार तर एक टेकडी झाकते.

पण माझ्या लेखी पैशापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. त्या पाकिटांत येतात ती झाडं युरोप-अमेरिकेची असतात: सूचिपर्णी, बर्च, तिकडचे ओक. आपल्याला गाडी न्यायची असते चिपळूण-संगमेश्वरच्या बाजूला. रुळांच्या बाबतीत आपण आधीच एक तडजोड पत्करलेली असते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. १:८७ या एचओ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं, पण बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. हा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. आंब्याच्या जागी बर्च उभा असेल, तर मात्र डब्यांवर मराठीतून पाट्या रंगवल्या तरी गाडी कोकणात पोचत नाही. गाडी कुठून चालली आहे हे झाडं सांगतात. म्हणून ती घरी करावीत. स्वस्त पडतात हा त्यातला वरचा लाभ.

हा लेख एचओ प्रमाणातल्या कोकण रेल्वेच्या एखाद्या लहान स्थानकाचा देखावा डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. देशावरचा माळ करायचा असेल तर आंब्या-फणसाच्या जागी बाभूळ, कडुनिंब, बोर येतील. रीत तीच राहील.

आधी ऋतू ठरवा. ऋतूवर रंग अवलंबून असतो, आणि खर्चही. ऑगस्टमधलं कोकण करायचं तर इंच न इंच हिरवा लागतो, आणि हिरव्या रंगाच्या सतरा छटा जमवाव्या लागतात. मी एप्रिल सुचवेन. सड्यावरचं गवत तेव्हा वाळून पिवळं पडलेलं असतं आणि सुतळीचा रंग मुळात तोच असतो. सुतळीचे तुकडे उसवून, बारीक कापून फेविकॉलवर शिंपडले की रंगकाम न करता माळ तयार. सागाची पानं झडलेली असतात, म्हणजे ती झाडं नुसत्या काड्यांची. आंबा, फणस, काजू बारमाही हिरवे, त्यामुळे पिवळ्या गवतावर ते उठून दिसतात. एखादा बहावा फुललेला दाखवता येतो. शिवाय जांभ्याच्या सड्यावर झाडं मुळातच विरळ असतात. नारळ-पोफळी असतात त्या खाली वाडीत, पाण्याच्या आणि घरांच्या आसऱ्यानं. ही रचना जशीच्या तशी ठेवली तर निम्मी झाडं कमी लागतात.

मग उंची. घरी केलेल्या देखाव्यांत सर्रास दिसणारी चूक म्हणजे खुजी झाडं. हिशेब सोपा आहे: खऱ्या झाडाची उंची मीटरमध्ये घ्या आणि साडेअकरानं गुणा, उत्तर एचओसाठी मिलिमीटरमध्ये मिळतं. एन प्रमाण, म्हणजे १:१६० असेल, तर सव्वासहानं गुणा. बारा मीटरचा आंबा एचओमध्ये जवळजवळ १४ सेंटिमीटरचा होतो, वीस मीटरचा माड २३ सेंटिमीटरचा, पंधरा मीटरची पोफळ १७ची, सहा-सात मीटरचा काजू सात-आठ सेंटिमीटरचा. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी स्टेशनरीच्या दुकानांत प्लास्टिकच्या झाडांची पाकिटं मिळतात; त्यांतली पाच-सहा सेंटिमीटरची झाडं एचओमध्ये साडेचार-पाच मीटरची, म्हणजे रेल्वेच्या डब्यापेक्षा जेमतेम उंच भरतात. त्यांना मागच्या रांगेत जागा द्यावी. खऱ्या झाडाची उंची कळत नसेल तर झाडाखाली कुणाला तरी उभं करून फोटो काढा आणि तो माणूस झाडात किती वेळा बसतो ते मोजा.

आता करायला घेऊ. पहिलं झाड आंब्याचं करावं. ते जमलं की फणस, काजू, वड त्यातूनच निघतात.

खोडासाठी तांब्याची तार घ्यावी. वायरमनकडे दीड चौरस मिलिमीटरच्या मल्टिस्ट्रँड वायरचे फेकायचे तुकडे असतात; त्या एका वायरीत केसाहून जाड अशा वीस-बावीस तारा निघतात. प्लास्टिक ब्लेडनं सोलून काढावं. जाळून काढण्याचा मोह टाळा, तो धूर विषारी असतो. सळ्या बांधायची बाइंडिंग तार स्वस्त आणि ताठ असते, खोडाच्या गाभ्याला उपयोगी पडते; पण ती लोखंडाची, आणि फेविकॉलमधल्या पाण्यानं गंजून खोडावर तांबूस डाग उमटतात. ती वापरायचीच असेल तर आधी ऑइल पेंटचा एक हात द्या.

१४ सेंटिमीटरच्या आंब्यासाठी बाइंडिंग तारेचे आठ-दहा तुकडे आणि तांब्याच्या बारीक तारांचे चाळीस-पन्नास तुकडे, सगळे २० सेंटिमीटर लांब, एकत्र जुडीत घ्या. खालचे तीन सेंटिमीटर पक्कडीत धरा. त्यातल्या दोन-तीन तारा सरळ ठेवा, त्या लाकडाच्या फळीत रुतवायला लागतील. बाकीच्या बाहेर वळवून मुळं करा. जमिनीपासून तीन सेंटिमीटरपर्यंत जुडी घट्ट पिळा. आंब्याचं खोड फार उंच न जाता फुटतं, म्हणून इथंच थांबायचं. आता जुडीचे पाच भाग करा, पण सारखे नकोत: एक जाड, दोन मध्यम, दोन बारीक. प्रत्येक भाग दोन सेंटिमीटर पिळा, त्याचे पुन्हा दोन-तीन करा, पुन्हा पिळा. दर फाट्याला बाइंडिंग तारेतली एखादी तार आत कापून संपवा, म्हणजे फांदी टोकाकडे आपोआप निमुळती होते. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर न पिळता तारा मोकळ्या सोडा आणि बोटांनी फाकवा. फांद्या चहूबाजूंनी, वर आणि आडव्या जाऊ द्या. सपाट पंखा झाला तर झाड कधीच झाड वाटत नाही. आंब्याचा घेर उंचीएवढाच किंवा थोडा जास्त, घुमटासारखा. काजूचा घेर उंचीपेक्षा बराच मोठा, खालच्या फांद्या जमिनीला टेकू पाहणाऱ्या.

सालीसाठी फेविकॉल आणि भिंतीची पुट्टी निम्मीनिम्मी कालवा. नुसती पुट्टी लावली तर तार वाकताच तडे जातात. जुन्या ब्रशनं खालून वर लावा, वाळू द्या, दुसरा हात द्या आणि तो ओला असतानाच टोकदार काडीनं उभ्या रेघा ओढा. रंग देताना चॉकलेटी डबीकडे हात जाऊ देऊ नका. दारातल्या आंब्याचं खोड जवळून पाहा: राखाडी, त्यात काळपट भेगा आणि कोकणात तर त्यावर दगडफुलाचे पांढुरके ठिपके. राखाडी रंग द्या, वर काळ्या रंगाचं पातळ पाणी सोडा, आणि पुसट पांढऱ्याचे दोन-चार ठिपके ब्रशच्या टोकानं टेकवा.

पानांसाठी फोम लागतो. जुन्या गादीचा किंवा उशीचा फोम कात्रीनं बोटाएवढा कापून, पाण्यात भिजवून मिक्सरमध्ये फिरवायचा. कोरडा फिरवला तर तो उडतो, चिकटतो आणि बारीकही होत नाही. मिक्सर भंगारात काढायच्या लायकीचा, फक्त याच कामासाठी ठेवलेला असावा. स्वयंपाकाचं भांडं यासाठी कदापि घेऊ नये. भुगा पिळून घ्या, रंगात कालवा, पुन्हा पिळा आणि वर्तमानपत्रावर उन्हात पसरा. वाळला की आधी रव्याच्या, मग मैद्याच्या चाळणीनं चाळा. वरचा जाड भुगा झुडपांना, मधला मोठ्या झाडांना, खालचा बारीक जमिनीवरच्या तणाला.

रंग मात्र शाळेचे पोस्टर कलर नकोत. वरून फेविकॉलचं पाणी मारलं की ते विरघळतात आणि सगळं झाड ओघळतं. रंगाच्या दुकानात भिंतीच्या रंगात मिसळायच्या स्टेनरच्या छोट्या बाटल्या मिळतात: हिरवा, पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड, काळा. घरात उरलेल्या पांढऱ्या इमल्शनमध्ये हे स्टेनर मिसळले की पक्का रंग होतो आणि चार बाटल्यांत आख्खं जंगल निघतं. बाटलीतला हिरवा तसाच वापरू नका, तो प्लास्टिकच्या बादलीचा हिरवा असतो. त्यात तांबड्याचे एक-दोन थेंब घालून तो मारावा लागतो. आंब्यासाठी गडद, काळपट हिरवा, फणसासाठी त्याहून थोडा उजळ, काजूसाठी पिवळसर. प्रत्येक रंगाच्या तीन छटा करा. आणि हे सगळं ज्या दिव्याखाली गाडी धावणार आहे त्याच दिव्याखाली जुळवा, कारण पांढऱ्याशुभ्र एलईडीत हिरवा निळसर होतो आणि पिवळट दिव्यात तोच करपलेला दिसतो.

तारांच्या टोकांवर भुगा थेट चिकटवला तर झाड खराट्यासारखं दिसतं. मध्ये जाळी लागते. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस घ्या. साधा कापूस नको, तो गोंद पिऊन गोळा होतो. चिमूटभर कापूस बोटांनी इतका ओढा, इतका ओढा, की त्यातून पलीकडचं अक्षर वाचता आलं पाहिजे. असे तुकडे फांद्यांच्या टोकांवर अडकवा, मधे मधे रिकाम्या जागा सोडून. त्यावर गडद रंगाचा हलका फवारा मारा. मग फेविकॉलमध्ये दुप्पट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून ते फवारा, आणि भुगा शिंपडा: गडद छटा खालून आणि आतून, मधली सगळीकडे, उजळ छटा फक्त वरच्या अंगाला, चाळणीतून. प्रकाश वरून येतो, म्हणून वरची पानं उजळ. नव्या तांबूस पालवीचा एखादा झुबका आंब्याच्या एकाच बाजूला दिला की झाड ओळखू येतं. वाळल्यावर झाड उलटं करून हलवा, सुटलेला भुगा परत डबीत. शेवटी साधा हेअरस्प्रे.

एक वस्तू मात्र सुचवली जाते तरी घेऊ नका: भांडी घासायची लोखंडी तार. दुरून तिची पानोळी छान दिसते, पण तिचे कण सुटतात, इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर जाते. रुळांवर पडले तर शॉर्टसर्किट. हिरवी नायलॉनची घासणी चालते. ती सोलून, फाडून करवंदीच्या जाळ्या उत्तम होतात.

फणस आंब्यासारखाच करायचा, फक्त खोड थोडं उंच आणि माथा उभट. त्याची खरी ओळख फळांत आहे. काळी मिरी साधारण पाच मिलिमीटरची, म्हणजे १:८७मध्ये ४३ सेंटिमीटरची. बरोबर फणसाएवढी, आणि मिरीच्या सुरकुत्या काट्यांचं काम करतात. पोपटी-तपकिरी रंगवून सहा-सात मिऱ्या थेट खोडाला आणि जाड फांद्यांना चिकटवा, टोकांना नव्हे.

माडावर वेळ घालवायला हवा, कारण त्याला लपायला पानोळी नाही. प्रत्येक झावळी दिसते. बुंध्याला दोन-अडीच मिलिमीटर जाडीची एकेरी तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची तार घ्या, २३ सेंटिमीटर अधिक रुतवायला तीन. तिला तळाशी हलका बाक द्या. वाडीतला माड क्वचितच ओळंब्यात असतो. तारेला फेविकॉल लावून वरून खाली शिवणाचा दोरा थोडं थोडं अंतर सोडून गुंडाळा, त्याचे वळसे म्हणजे झावळ्यांचे वण. तळाच्या दीड सेंटिमीटरवर दोऱ्याचे जास्तीचे थर द्या, म्हणजे बुडखा फुगतो. रंग राखाडी.

झावळीसाठी जाडसर कागद दोन्ही बाजूंनी आधी रंगवून वाळवा. साडेपाच सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, लांबीत दुमडा, घडीत तांब्याची एक बारीक तार चिकटवा आणि बुंध्याकडे एक सेंटिमीटर तार बाहेर ठेवा. घडी तशीच ठेवून पट्टी टोकाकडे निमुळती करा, मग धारदार कात्रीनं कडेपासून घडीपर्यंत, पाती टोकाकडे झुकतील असे तिरके, मिलिमीटरभर अंतरावर काप द्या. घडी तुटू देऊ नका. आता घडी अर्धीच उघडा, पाती खाली झुकलेली राहिली पाहिजेत. पूर्ण सपाट केली तर ते पीस होतं. अशा अठरा-वीस झावळ्या लागतात. पहिल्या पाच-सहा शेंड्याला, आकाशाकडे. त्याखाली सात-आठ आडव्या. शेवटच्या खाली लोंबणाऱ्या, त्यांतली एक सुकलेली तपकिरी. सगळ्या दोऱ्यानं बांधत खाली या. नारळ म्हणून मोहरीचे दाणे, हिरवट-पिवळे रंगवून, घडानं. तिथं मिरी लावू नका, तो नारळ दीड फुटाचा होईल. पोफळ करताना तार याच्या निम्म्या जाडीची, अगदी सरळ, आणि झावळ्या आठ-नऊच.

एवढी मेहनत सगळ्या रानाला परवडणार नाही, आणि गरजही नाही. आठ फुटी देखाव्यात पुढच्या हातभर पट्ट्यातली दहा-बारा झाडंच डोळा टिपतो. ती अशी करा. मधल्या पट्ट्यात तारांऐवजी वाळलेल्या काड्या चालतात. दिवाळीच्या सुमारास रानतुळस, सब्जा, टाकळा वाळतो, त्यांच्या फांद्यांना निसर्गानंच बारीक फाटे दिलेले असतात. अंगणातली वाळलेली तुळस याहून सुंदर, पण पुष्कळ घरांत ती अशा कामाला घेत नाहीत, तेव्हा घरच्यांना विचारूनच. पानझडीच्या सागासाठी तण उपटून त्याचं मूळ धुऊन उलटं उभं करा. मुळांची जाळी बिनपानांच्या फांद्यांसारखी दिसते. फुलझाडूचे तुरे बारीक कापून, तळाशी एकत्र बांधून बाहेर झुकवले की बांबूचं बेट होतं. वडाच्या पारंब्या सुतळीच्या धाग्यांच्या: फेविकॉलच्या पाण्यात बुडवून फांदीला बांधा आणि टोकाला टाचणी लटकवून वाळवा, म्हणजे सरळ राहतात. बहावा म्हणजे विरळ पानोळीवर पिवळा भुगा, फांद्यांखाली लोंबता.

मागच्या डोंगराला झाडं लागतच नाहीत, नुसते माथे लागतात. पॉलिस्टर कापसाचे लिंबापासून सुपारीएवढे गोळे करून फेविकॉलच्या पाण्यात बुडवा, भुग्यात घोळवा आणि वाळवून एकमेकांना खेटून चिकटवा. मागे जाल तसे गोळे लहान आणि रंग फिका, किंचित निळसर घ्या. दोन फूट खोलीचा देखावा मैलभर लांब वाटू लागतो.

लावताना रुळांपासून अंतर राखा. खऱ्या मार्गावरही रेल्वे फांद्या रुळांजवळ येऊ देत नाही, आणि कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२मध्ये पुरं झाल्यापासून वरच्या तारांसाठीही छाटणी होते. पुढच्या बाजूला सात-आठ सेंटिमीटर मोकळे ठेवले की घसरलेला डबा उचलायला हातही जातो. वळणावर आपल्याकडचा सगळ्यात लांब डबा हातानं फिरवून बघा. त्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या अंगाला आणि टोकं बाहेरच्या अंगाला येतात. झाडं ओळीनं, समान अंतरावर लावू नका. दोन माड जवळ, तिसरा लांब. आंब्याखाली पाचोळ्यासाठी वापरून धुतलेली, वाळवलेली चहापूड.

आपल्याकडे या झाडांचा मोठा शत्रू पावसाळा. काड्या, सुतळी, मोहरी, चहापूड या सगळ्यांना दमट हवेत बुरशी धरते, आणि कसर लागते. रानातून आणलेलं सगळं दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला. फेविकॉलच्या पाण्यात कॅरमच्या बोरिक पावडरचा एक चमचा विरघळवून ठेवा. लहान मुलं हात लावणार असतील तर बाटलीवर नाव लिहून ती वर ठेवा. पिठाची खळ वापरू नका, तिच्यावर किडे हमखास येतात.

झाडं जमिनीला कायमची चिकटवू नका. खोडाखालच्या दोन तारा फळीतल्या भोकात नुसत्या बसवा. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, पुढची झाडं उपटून गॅलरीत न्या, रंगाच्या मऊ ब्रशनं धूळ झटका, पानोळी जिथं विरळ झाली असेल तिथं पाण्यातला फेविकॉल मारून नवा भुगा टाका. प्रत्येक छटेचा मूठभर भुगा, कालवलेल्या रंगाच्या नावासकट, बंद डबीत वेगळा ठेवलेला असला तर त्याच छटेसाठी पुन्हा खटपट पडत नाही.